चुकलेल्या निदानाची नोंद

यंत्र कितीही हुशार असो, अंतिम निदान काय ठरले हे पहिल्या डॉक्टरपर्यंत पोहोचल्याशिवाय जालन्याची आरोग्यव्यवस्था शहाणी होणार नाही.

पावसाळ्यात ताप घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या हाती बहुधा संध्याकाळपर्यंत लॅबचा कागद पडतो. त्यावर ‘विडाल पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते. ‘टायफॉइड निघाला’ असा निरोप घरी जातो आणि सलाइन सुरू होते. चार दिवसांत ताप उतरला तर औषध लागू पडले असे सगळे धरून चालतात. नाही उतरला तर नातेवाईक गाडी करून रुग्णाला जालन्याला किंवा थेट छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेतात. तिथे कधी डेंग्यू निघतो, कधी स्क्रब टायफस, कधी क्षय. पहिल्या डॉक्टरला हे बहुतेक वेळा कळतच नाही. पुढचा रुग्ण येतो, तसाच कागद निघतो, तेच सलाइन लागते. निदान चुकणे वाईट खरेच. पण चुकले हे न कळणे त्याहून वाईट आहे, कारण त्यातून तीच चूक वर्षानुवर्षे चालू राहते.

विडाल चाचणी 1896 सालची आहे. टायफॉइडच्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते. खुद्द जंतू शोधत नाही. ही प्रतिपिंडे जुन्या संसर्गानंतरही रक्तात राहतात आणि दुसऱ्या जंतूंमुळेही उमटू शकतात. जिथे टायफॉइड कायम वस्तीला असतो, तिथे एकदाच केलेल्या विडालवर विसंबणे धोक्याचे, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. खात्रीसाठी रक्ताचे कल्चर करावे लागते. त्याला काही दिवस लागतात, आणि आधीच प्रतिजैविके सुरू झाली असतील तर कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यताही घटते. म्हणजे घाईने सुरू केलेला उपचार खऱ्या निदानाची वाटच बंद करतो.

ताप हे फसवे लक्षण आहे. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, लेप्टो आणि स्क्रब टायफस पहिल्या दोन-तीन दिवसांत जवळजवळ सारखे दिसतात. डेंग्यूची एनएस-1 चाचणी पहिल्या काही दिवसांतच भरवशाची असते. प्रतिपिंडांची चाचणी त्यानंतर. चुकीच्या दिवशी केलेली बरोबर चाचणीही चुकीचे उत्तर देते. 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ पसरली. या आजाराची एक ठळक खूण म्हणजे चिगर माइट नावाचा इवलासा जीव चावतो तिथली काळी खपली. ती अनेकदा काखेत किंवा जांघेत असते आणि कपडे बाजूला करून पाहिल्याशिवाय दिसत नाही. ती दिसली की डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने रुग्ण वाचू शकतो. दोन मिनिटांत रुग्ण उरकणाऱ्या ओपीडीत ती दिसत नाही.

हे केवळ खेड्यांचे दुखणे नाही. रुग्णांना टाळता येण्याजोगी जी इजा होते, तिच्यातील सुमारे 16 टक्के इजा निदानातील चुकांमुळे होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2024 चा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन संघटनेने याच विषयाला वाहिला. बहुतेक माणसांच्या वाट्याला आयुष्यात एकदा तरी चुकीचे किंवा उशिरा झालेले निदान येईल, असा इशारा अमेरिकेच्या वैद्यक अकादमीने 2015 मध्येच दिला होता. आपल्याकडे मुंबई आणि पाटण्यात संशोधकांनी प्रशिक्षित ‘नकली रुग्ण’ क्षयाची लक्षणे सांगायला खासगी डॉक्टरांकडे पाठवले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे 35 टक्के भेटींतच प्रकरण योग्य रीतीने हाताळले गेले होते. आणि आरोग्य खात्याच्या मासिक अहवालात प्रसूतीला रकाना आहे, लसीकरणाला आहे, मृत्यूला आहे. चुकलेल्या निदानाला मात्र रकाना नाही.

निदान कसे घडते याचा उत्तम धडा जालना जिल्ह्याच्याच एका सुपुत्राने घालून दिला आहे. भोकरदन तालुक्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसे, विशेषतः मुले, मरत होती. प्रचलित औषधे दिली जात, तरीही रुग्ण दगावत. बावस्कर रात्र रात्र रुग्णाच्या खाटेशी थांबले. नाडी, रक्तदाब, श्वास यांची तासातासाची नोंद त्यांनी ठेवली. विषाने रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरून माणूस जातो, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. उलटी, भरमसाट घाम आणि गार पडलेले हातपाय ही हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना असते, हे त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वापरून जवळपास 40 टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणता आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या यशाचे श्रेय बहुधा जिद्दीला दिले जाते, आणि जिद्द होतीच. पण त्यामागची पद्धत अधिक महत्त्वाची आहे. बावस्करांना आपल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले ते माहीत होते. अंदाज, उपचार आणि शेवट या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वहीत होत्या, म्हणून चूक दिसली आणि दिसली म्हणून सुधारली. आज भोकरदनचा डॉक्टर रुग्णाला पुढे पाठवतो तेव्हा ती वही तिथेच तुटते.

आता या तुटलेल्या व्यवस्थेत नवी यंत्रे येत आहेत आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून क्षय ओळखण्याच्या जुन्या पद्धतीतून पुष्कळ रुग्ण निसटत. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र जंतूची जनुकीय खूण शोधते, बॅटरीवर चालते, औषधाला दाद न देणारा क्षयही ओळखते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. छातीचा एक्स-रे संगणकाने वाचून क्षयाचे संशयित निवडण्याची शिफारस संघटनेने 2021 मध्ये केली, आणि असे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनी जगात ओळखली जाते. स्वीडनमध्ये स्तनांच्या एक्स-रे तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली तेव्हा रेडिओलॉजिस्टचे वाचनाचे काम 44 टक्क्यांनी घटले आणि कर्करोग मात्र अधिक सापडले. रेडिओलॉजिस्टची कायम टंचाई असलेल्या मराठवाड्याला अशी मदत नाकारणे परवडणारे नाही.

पण यंत्राच्या नावाखाली काय घडू शकते हेही आपण पाहिले आहे. क्षयासाठी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी देशभर खासगी लॅबमध्ये धडाक्याने चालत होती. ती भरवशाची नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये सांगितले आणि 2012 मध्ये केंद्र सरकारने तिच्यावर बंदी घातली. तोवर कित्येक निरोगी माणसांनी क्षयाची औषधे गिळली आणि कित्येक क्षयरुग्ण ‘निगेटिव्ह’ कागद घेऊन खोकत राहिले. मधुमेहींच्या डोळ्यांचा पडदा तपासणारी गुगलची प्रणाली प्रयोगशाळेत अव्वल ठरली होती. थायलंडच्या दवाखान्यांत ती गेली तेव्हा अपुऱ्या उजेडात काढलेली पाचव्या हिश्श्याहून अधिक छायाचित्रे तिने नाकारली. कोविडकाळात घराघरांत पोहोचलेला ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर प्राणवायूची पातळी आहे त्याहून जास्त दाखवू शकतो, हे 2020 मध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींतून पुढे आले. आणि 2025 मध्ये पोलंडमधून आलेला इशारा तर डॉक्टरांनी कोरून ठेवावा असा आहे. आतड्याच्या दुर्बीण तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्तेची सवय लागल्यावर, तिच्याविना केलेल्या तपासणीत गाठी सापडण्याचे प्रमाण 28 वरून 22 टक्क्यांवर आले. यंत्राने डॉक्टरला मदत करावी; त्याची नजर काढून घेऊ नये.

आणखी एक धोका पैशाचा आहे. 2013 मध्ये डॉ. बावस्करांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवले आणि तपासणी केंद्राकडून त्यांना बाराशे रुपयांचा धनादेश आला. त्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. ‘कट प्रॅक्टिस’ सगळ्यांना ठाऊक असते; पुराव्यासह बोट ठेवणारा विरळा. राज्य सरकारने 2017 मध्ये या प्रथेविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करवून घेतला, पण कायदा काही झाला नाही. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपला जुना कायदा 1949 चा, खाटा असलेल्या नर्सिंग होमसाठीचा. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब त्याच्या जाळ्यात येतच नाहीत. लॅबच्या अहवालावर पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टची सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. तालुक्याच्या बाजारपेठेत ती सही कोणाची आणि कुठून येते, हे पाहणारा अधिकारी कोण? अशा बाजारात कृत्रिम बुद्धिमत्ता आली, तर निदान सुधारण्याऐवजी नको त्या तपासण्यांची यादी लांबेल.

यंत्रावर लक्ष ठेवणे या राज्याला जमत नाही, असे नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 चा. आज गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो. त्या कायद्यालाही पळवाटा काढणारे निघाले, तरी यंत्र कुठे आहे, कोण चालवतो, कोणासाठी वापरले, याचा हिशेब ठेवता येतो हे त्याने दाखवून दिले. निदान करणारे सॉफ्टवेअर 2020 पासून कायद्याने वैद्यकीय उपकरणच आहे. मग त्याच्या वापराची आणि चुकांची नोंद का नको?

नोंद म्हणताच डॉक्टरांना कोर्टाची आणि जमावाची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. पण कायद्याने प्रामाणिक चूक आणि निष्काळजीपणा यांत फरक केला आहे. 1992 मध्ये मुंबईत तापाच्या एका रुग्णावर होमिओपॅथीच्या डॉक्टरने आधी विषाणूजन्य ताप आणि मग टायफॉइड धरून अ‍ॅलोपॅथीचे उपचार केले, रुग्ण दगावला. जे शास्त्र आपण शिकलो नाही त्याचे औषध देणे हाच निष्काळजीपणा, असे ठरवून 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. त्याच न्यायालयाने 2005 मध्ये बजावले की, केवळ निर्णय चुकला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. ही रेघ स्पष्ट आहे. तिच्या आधाराने चुकांची नोंद रुग्ण आणि डॉक्टर दोघांची नावे झाकून, शिक्षेसाठी नव्हे तर शिकण्यासाठी ठेवता येईल.

त्याची सुरुवात जालन्यातच व्हावी. जिल्ह्याला 2024 मध्ये शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. आठ तालुके आणि 2011 च्या गणतीप्रमाणे साडेएकोणीस लाखांवर लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात महाविद्यालय म्हणजे केवळ डॉक्टर घडवण्याची जागा नव्हे. जिल्ह्याच्या निदानांचा हिशेब तपासण्याची ती जागा आहे. घाटी, जिल्हा रुग्णालय आणि महाविद्यालयातून सुटी होणाऱ्या प्रत्येक रेफर रुग्णाचे अंतिम निदान चार ओळींत पहिल्या डॉक्टरकडे, सरकारी असो वा खासगी, परत गेले पाहिजे. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. आभा हा डिजिटल आरोग्य क्रमांक आणि मोबाइल हाताशी आहेत. महिन्यातून एकदा जिल्ह्यातील चुकलेल्या निदानांची बैठक व्हावी आणि तिला तालुक्यांतले खासगी डॉक्टरही बोलवावेत. कोणत्या पातळीवर कोणती चाचणी हवी याची राष्ट्रीय यादी आयसीएमआरने 2019 मध्येच केली आहे. आरोग्य केंद्रांतले नमुने नेऊन तपासणारी महालॅबची साखळीही राज्यात 2017 पासून आहे. या दोन्हींच्या जोरावर तापाच्या रुग्णाला विडालच्या कागदावर सोडून देणे थांबवता येईल. आणि जे नवे सॉफ्टवेअर जिल्ह्यात येईल, त्याने किती वेळा बरोबर सांगितले आणि किती वेळा चुकीचे, हे इथल्याच रुग्णांच्या अंतिम निदानाशी ताडून दरवर्षी जाहीर करावे. अंतिम उत्तर कळल्याशिवाय माणूस शिकत नाही, तसे यंत्रही शिकत नाही.

रुग्णांनीही एक गोष्ट सोडू नये. ‘आणखी काय असू शकेल?’ हा प्रश्न डॉक्टरांचा अपमान नाही, तो आपला हक्क आहे. तो ऐकून घेणारा डॉक्टर आपल्या भल्याचाच विचार करतो आहे, हे ओळखावे.

पुढच्या दहा वर्षांत जालन्यात एक्स-रे वाचणारी, रक्त तपासणारी, हृदयाचा आलेख समजावणारी यंत्रे येतील, त्यात शंका नाही. ती किती आली यावर जिल्ह्याच्या आरोग्याची प्रगती मोजू नये. कालचे चुकलेले निदान आज कोणाला कळले आणि उद्या ते कोणी टाळले, या एकाच कसोटीवर ती मोजावी. आरोग्य खात्याने येत्या पावसाळ्याआधी अंतिम निदान कळवणारी ती चार ओळींची चिठ्ठी सक्तीची करावी. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी आग्रह धरावा आणि डॉक्टरांच्या संघटनांनी पुढाकार घ्यावा. यात कोणाचा मान कमी होत नाही. माणसे मात्र वाचतात.