गुराब आणि गलबत

भंडारा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. येथील विद्यार्थ्याला मराठ्यांचे आरमार भेटते ते इतिहासाच्या पुस्तकात. आणि ‘गुराब, गलबत इत्यादी जहाजे’ एवढ्यावरच बहुधा त्याची बोळवण होते. वस्तुतः या दोन शब्दांतील भेदातच आरमाराचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे.

गुराब हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ कावळा. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या वर्णनानुसार दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तर तीन डोलकाठ्यांची ३०० टनांची असे. तिच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, ९ ते १२ पौंडी गोळ्यांच्या तोफा डागल्या जात. गलबत क्वचितच ७० टनांपुढे जाई. त्याच्या तोफा लहान, परंतु शिडांच्या जोडीला ४० ते ५० वल्ही असत. वारा पडला की गुराब जागीच खिळे. तेव्हा गलबते तिला ओढून नेत. तोफांनी शत्रूचे जहाज खिळखिळे करणे हे गुराबीचे काम, तर त्यावर चढून जाणारे शिपाई पोहोचविणे हे गलबताचे. एकाविना दुसरे पंगू. हा केवळ आकाराचा भेद नव्हे, ही श्रमविभागणी होय.

१७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. पुढे गलबत हा शब्द मालवाहू नावेपुरता उरला आणि गुराब ग्रंथांत जाऊन बसली.

आज तीच सरमिसळ नव्या रूपाने चालू आहे. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत ‘सुरत’, ‘निलगिरी’ व ‘वागशीर’ नौदलात दाखल झाल्या. पहिली विनाशिका, दुसरी फ्रिगेट, तिसरी पाणबुडी. तिघींना सरसकट ‘युद्धनौका’ म्हटले की संख्या कळते, कार्य कळत नाही. आणि कार्य न कळता खर्चाची योग्यायोग्यता नागरिकाने ठरवावी तरी कशी?

पारिभाषिक शब्दांचा हा काटेकोरपणा पांडित्याचा हव्यास आहे, असे काहींना वाटेल. परंतु वैनगंगेत डोंगा वल्हवणारा ढिवरही आपल्या डोंग्याला जहाज म्हणत नाही. ज्याला वस्तू वापरायची असते, तो तिचे नाव जपतो. करदात्यानेही ते जपावयास नको काय?