मुहूर्ताआधीचे रविवार

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईचे दार उघडते. गोव्यात घरोघरी वृंदावनापाशी उसाबरोबर दिंड्याची काठी उभी राहते, आवळ्या-चिंचेचा मान होतो, आणि दुसऱ्याच दिवसापासून पंचांगाची पाने उलटू लागतात. या हंगामात लग्नातील उधळपट्टीवर, कर्णकर्कश वाद्यांवर आणि वाया जाणाऱ्या अन्नावर दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते व ते लिहिले गेलेच पाहिजे. आम्हांस मात्र आज एका वेगळ्याच उधळपट्टीविषयी लिहावयाचे आहे. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास साखरपुडा झाला आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त निघाला, तर मध्ये सुमारे २५ रविवार येतात. हे रविवार कोणाचे, आणि ते जातात कुठे, हा आमचा प्रश्न आहे.

उदाहरण आम्ही थोडे दुरून, माळव्यातील धार आणि देवास या दोन गावांतून घेत आहोत. लेकी बोले सुने लागे, या न्यायाने दूरचे उदाहरण कधी कधी घरात लवकर ऐकू येते. शिवाय ही गावे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवारांच्या घोडदळामागून जी मराठी कुटुंबे तिकडे गेली त्यांचे वंशज तेथे अजून मराठी बोलतात, सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खातात आणि सोयरीक जुळवताना पुण्या-कोल्हापूरकडेही पाहतात. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यात झाला. देवासला तर एकाच गावात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पाती आणि दोन संस्थाने नांदली. गोमंतकीयांना देवास आणखी एका कारणाने जवळचे आहे. पेडण्याच्या मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकरांचे मार्गदर्शन ज्यांना लाभले ते कुमार गंधर्व देवासचेच रहिवासी झाले. त्यांच्याविषयी पुढे बोलू.

आज या दोन गावांचे रूप पालटले आहे. धार जिल्ह्यातील पीथमपूर हे वाहने व औषधे बनविणाऱ्या कारखान्यांचे मोठे केंद्र आहे. देवासला नोटा छापण्याचा सरकारी छापखाना आहे आणि त्याभोवती औद्योगिक वसाहत वाढली आहे. अशा ठिकाणचे एक वाग्दत्त जोडपे डोळ्यांसमोर आणा. मुलगा धारचा, पीथमपूरच्या कारखान्यात कामाला. मुलगी देवासची, शाळेत शिक्षिका. दोन गावांत शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आणि बरोबर वाटेत इंदूर. मुलाची साप्ताहिक सुटी रविवारीच येईल याची खात्री नाही. पाळी बदलली की वार बदलतो. म्हणजे २५ रविवारांपैकी दोघांना एकत्र मिळणारे मुळातच थोडे. उरलेल्या दिवशी रात्री उशिरा, घरातली माणसे झोपल्यावर, दूरध्वनीवर जे काय बोलणे होईल तेवढेच.

आता या थोड्या रविवारांचा जमाखर्च पाहा. भेट इंदुरात ठरते, कारण बाजार इंदुरात आहे. पहिला रविवार कार्यालय पाहण्यात जातो. दुसरा बस्त्यात जातो. दोन्ही घरच्या मिळून आठ-दहा बायका बरोबर असतात आणि एकेका महेश्वरी साडीच्या काठावर तासभर खल होतो. तिसरा रविवार सराफ्यातला, चौथा पत्रिकांच्या मजकुराचा, कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली यावरच्या रुसव्यांचा. पाचव्या रविवारी आचाऱ्याशी ताटांची संख्या ठरते. मधूनच केळवणे येतात. तिथे दोघांना शेजारी बसवून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहावयाचे असते. संध्याकाळ झाली की मुलीला देवासची गाडी गाठायची असते, मुलाला धारची. दिवसभरात दोघांनी एकमेकांना विचारलेले प्रश्न मोजले तर ते रंग, भाव आणि संख्या यांच्या पलीकडे जात नाहीत.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी अंतरपाट दूर होईपर्यंत वधूवरांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसे. ती रीत मोडावी म्हणून समाजातील विचारी माणसांनी पन्नास-पाऊणशे वर्षे झगडा केला. त्याचे फळ म्हणून आज बहुतेक मध्यमवर्गीय घरांत ठरलेल्या जोडप्याने भेटण्यास आडकाठी राहिलेली नाही. परंतु त्या परवानगीला एक न लिहिलेली अट चिकटली आहे. त्यांनी भेटावे, पण कामासाठी भेटावे. हातात खरेदीची पिशवी असेल तर भेट शोभते. नुसतेच दोघे कुठे तळ्याकाठी बसून बोलत राहिले तर भुवया उंचावतात. अशा रीतीने पूर्वी पडद्याने जे अडवले होते ते आता याद्यांनी अडवले आहे.

येथे इतिहासातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. रविवारची सुटी आपल्या गिरणी कामगारांना आपोआप मिळालेली नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, अर्ज केले. तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. ही सुटी विश्रांतीसाठी होती, तशीच घरासाठी आणि समाजासाठीही होती. त्याच सत्यशोधक चळवळीने लग्नाचाही नवा विधी घडविला. १८७३ पासून सत्यशोधक पद्धतीचे विवाह होऊ लागले आणि १८८७ साली जोतीरावांनी त्यांच्या मंगलाष्टकांसह विधीचे पुस्तक सिद्ध केले. त्या मंगलाष्टकांत भटजी एकटाच बोलत नाही. वधू आणि वर आळीपाळीने बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी स्पष्ट प्रश्न करते आणि वराला सर्वांसमक्ष त्याचे उत्तर द्यावे लागते. एकाच चळवळीने आपल्याला रविवार दिला आणि लग्नाआधी बोलण्याचा धडाही दिला. आपण मात्र रविवार घेतला आणि बोलणे सोडून दिले.

बोलणे नसले तर केवळ थाटाने काय साधते, याचे उत्तर देवासच्याच इतिहासात आहे. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचा विवाह १९०८ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब यांच्याशी झाला. दोन राजघराण्यांचा संबंध. त्यात उणे काय असणार? पण तो संसार टिकला नाही. राणीसाहेब माहेरी परतल्या त्या तिकडच्याच झाल्या. १९२१ साली ज्यांनी काही महिने तुकोजीरावांचे खाजगी चिटणीस म्हणून काम केले त्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारांनी पुढे १९५३ साली आपले देवासचे दिवस ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात सांगितले. महाराजांवर त्यांचा फार लोभ होता. तरीही त्या राजवाड्याचे एकाकीपण वाचकाला जाणवतेच.

त्याच देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी पुढे एक दुसरा संसार थाटला गेला. कुमार गंधर्व आणि भानुमती यांचा विवाह १९४७ साली झाला. दोघे प्रांताने, भाषेने आणि जातीने वेगळे. जोडणारा धागा गाण्याचा. वर्षही पुरते लोटले नव्हते तोच कुमारांना क्षयाने गाठले आणि कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये ते देवासला आले. गाणे बंद, मिळकत बंद, पुढचे काही वर्षे अंथरूण. भानुमतींनी शाळेत नोकरी धरली, घर चालवले, शुश्रूषा केली. त्या आजारपणात खिडकीबाहेरून कानी पडणारी माळवी लोकगीते कुमारांनी मनात साठविली आणि बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा हिंदुस्थानी संगीताला एक नवे दालन मिळाले. भानुमती १९६१ साली गेल्या. त्या दोघांच्या लग्नात किती ताटे उठली हे आज कोणी विचारत नाही. अडचणीच्या दिवशी कोण कोणाच्या पाठीशी उभे राहिले, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले आहे.

प्रत्येक जोडप्यावर अशी वेळ येईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु लहानमोठे प्रसंग सर्वांवर येतात, आणि त्यांचा अंदाज साडीच्या काठावरून बांधता येत नाही. राहावयाचे कोठे, धारला की देवासला? मुलीने नोकरी सोडावयाची, की मुलाने बदलावयाची, की दोघांनी मध्ये इंदुरात बिऱ्हाड करून रोज दोन दिशांना जावयाचे? तिच्या पगारातून तिच्या आईवडिलांना काही पाठवावयाचे झाले तर कोणाच्या कपाळाला आठ्या पडतील? या लग्नासाठी कोणाच्या वडिलांनी कर्ज काढले आहे, आणि ते फेडणार कोण? देण्याघेण्याची जी बोलणी वडीलधाऱ्यांनी दार लावून केली ती दोघांना ठाऊक आहेत काय? हुंडा देणे-घेणे १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे. पण तो मानपानाचे नाव घेऊन मागील दाराने येतो, आणि वाग्दत्त वराने त्याच वेळी तोंड उघडले नाही तर पुढे उघडून उपयोग नसतो.

यावर वडीलधारी मंडळी म्हणतील की लग्न दोन माणसांचे नसते, दोन घरांचे असते, आणि खरेदीच्या निमित्ताने दोन घरे जवळ येतात. यात तथ्य आहे. बाजारातही माणूस कळतो. दुकानदाराशी कोण कसे बोलतो, उन्हात थकलेल्या सासूसाठी पाणी कोण आणतो, मुलीच्या बापाला बिल चुकवताना पाहून मुलगा मान फिरवतो की खिशात हात घालतो, यावरून पुष्कळ समजते. आमची तक्रार खरेदीबद्दल नाही. तिने सगळेच्या सगळे रविवार गिळावेत याबद्दल आहे.

धारपासून मांडू ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. रूपमती-बाजबहादूर यांच्या प्रेमकथेचे हे स्थान. पावसाळ्यानंतर जहाज महालाच्या दोन्ही बाजूंची तळी भरलेली असतात आणि रूपमतीच्या मंडपातून, हवा स्वच्छ असली तर, दूरवर नर्मदेची रेघ दिसते. ठरलेल्या जोडप्याने एक दिवस काढावा अशी ही जागा. परंतु अलीकडे तेथेही छायाचित्रकार बरोबर घेऊन जाण्याची रीत पडली आहे. ‘प्री-वेडिंग’ या नावाने उसने कपडे घालून, सांगितल्या जागी उभे राहून, सांगितल्याप्रमाणे हसावयाचे. मोकळेपणाचे चित्र निघते. मोकळा दिवस मात्र निघून जातो.

आणि आता घरचा प्रश्न. गोव्यात याबाबतीत आम्हांस अधिक जागे असावयास हवे. आपल्याकडे नागरी निबंधकापुढे आधी एक सही, मग आक्षेपांसाठी ठेवलेला काळ, आणि मग दुसरी सही, अशी पद्धत आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची संपत्ती समाईक होते आणि लग्नानंतर ही व्यवस्था बदलता येत नाही. उभ्या आयुष्याचा एवढा मोठा निर्णय त्या दोन सह्यांत असतो. तो घेणाऱ्यांपैकी कितीजण त्याविषयी आपसात एकदा तरी बोललेले असतात? कचेरीच्या पायऱ्या चढताना पुष्कळांना घाई असते ती पुढच्या दुकानाची.

आमची सूचना साधी आहे. लग्न ठरले की दोन्ही घरची माणसे बसून याद्या करतात. कोणी काय द्यावयाचे ते लिहून त्यावर सह्या होतात. तशीच दुसरी एक यादी त्या दोघांनी स्वतःची करावी. तिच्यात घर, नोकरी, पैसा, कर्ज, आईवडील आणि मुलेबाळे एवढी कलमे असली तरी पुरे. ती करण्यासाठी दर महिन्याचा एक रविवार घरच्यांनी त्यांना सोडून द्यावा. त्या दिवशी देवासच्या टेकडीच्या पायऱ्या चढाव्यात, धारच्या तळ्याकाठी बसावे, नाहीतर मिरामारच्या वाळूत. बरोबर पिशवी नको, पाहुणे नकोत, छायाचित्रकार नको. ज्यांना सुटीचा वारही जुळत नाही त्यांच्यासाठी घरच्यांनी हा दिवस अधिकच जपावा.

आणि त्या यादीवर एकमत झाले नाही तर? तर लग्न मोडण्याचा अधिकार दोघांनाही, विशेषतः मुलीला, असावयास हवा. साखरपुडा मोडला की आपल्या समाजात दोष मुलीच्या पदरात टाकतात. पत्रिका छापल्या, कार्यालयाची अनामत भरली, आता माघार कशी घ्यावयाची, असे तिला सांगितले जाते. खरेदी जितकी पुढे जाते तितके तिचे ‘नाही’ महाग होत जाते. म्हणून ही बोलणी पहिल्या रविवारी व्हावीत, पंचविसाव्या रविवारी नव्हे. अनामत बुडाली तर ती पुन्हा मिळविता येते. मुलीचे आयुष्य तसे परत मिळत नाही, हे ज्या आईबापांना कळते त्यांनी या लग्नसराईत एवढे एक करावे: येत्या रविवारी खरेदीची यादी घरीच ठेवावी आणि मुलांना बोलू द्यावे.