फॅशन त्यांची, चिंध्या आमच्या!

महापूर आला की शहरांतून मदतीची गाठोडी निघतात. जुलै 2021 मध्ये जगबुडीचे पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा साऱ्या कोकणाने पुराचे भयाण रूप पाहिले. मदत करणाऱ्यांच्या भावनेचा आम्हाला आदरच आहे. पण पूरग्रस्ताच्या दारात विटके, फाटके, बटणे तुटलेले कपडे टाकणे ही मदत नव्हे. ती स्वतःचे कपाट रिकामे करण्याची सोय आहे. असे कपडे शेवटी रस्त्याकडेला पडतात आणि ते उचलायला सफाई कामगारच लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार जगात दरवर्षी सुमारे 9 कोटी 20 लाख टन कापडाचा कचरा होतो. आजचे स्वस्त कपडे बहुतांशी पॉलिस्टरचे, म्हणजे प्लॅस्टिकचेच. ते कुजत नाहीत, जाळले तर विषारी धूर होतो. जगबुडीत फेकलेली चिंधी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीकडे जाते. लोटे-परशुरामच्या रसायनांनी ही खाडी आधीच नासवली आहे. माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात ते सरकारला बजावले होते. त्या प्रदूषणाने मच्छीमारांच्या पोटावर पाय आला, त्याचे काय?

उतरलेले कपडे खालच्यांच्या अंगावर टाकण्याची रीत या देशात नवी नाही. चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, असे मनुस्मृती सांगते. कशेडी घाटापलीकडच्या महाडात 25 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेबांनी ती जाळली. त्याच परिषदेत त्यांनी आमच्या आयाबायांना सांगितले, की वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असू द्या आणि हीनतेची खूण सांगणारी वेशभूषा टाकून द्या. त्या माउल्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, लेकरांना ऊब दिली. आज तीच गोधडी 'टिकाऊ फॅशन' म्हणून मॉलमध्ये हजारोंना विकली जाते, मात्र शिवणारीच्या हाती किती पडते?

आमची मागणी साधी आहे. युरोपीय संघात 1 जानेवारी 2025 पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे बंधनकारक झाले. खेड नगरपरिषदेनेही तशी सोय करावी. निवडलेल्या कापडाच्या पिशव्या, गोधड्या शिवण्याचे काम बचत गटांना रास्त मजुरीने द्यावे. सफाई कामगाराला हातमोजे आणि गमबूट मिळालेच पाहिजेत. प्लॅस्टिकच्या वेष्टनाची जबाबदारी कायद्याने उत्पादकावर आहे, तशीच कापडाचीही टाका!

आणि थोडे आपल्याविषयी. 14 एप्रिलला एका दिवसापुरते छापलेले टी-शर्ट दुसऱ्या दिवशी कुठे जातात? बाबासाहेबांचे चित्र गटारात दिसणे आम्हाला खपत नाही. मग मंडळांनी यंदा टी-शर्टचा तो पैसा पोरांच्या पुस्तकांना द्यावा. स्वच्छ, टिकाऊ कपडा आणि ताठ मान, एवढा पोशाख भीमसैनिकाला पुरेसा आहे.