मागणी नाही, असे म्हणण्यापूर्वी

मुलाची नेमणूक किंवा मुलीचे ठरलेले लग्न या वार्ता मराठी मध्यमवर्गीयांच्या घरांतून पेढ्यांच्या पुड्याबरोबर बाहेर पडतात. दुखण्याची वार्ता मात्र अशी गाजतवाजत येत नाही. ती हवापाणी आणि महागाई भत्ता यांच्या मध्ये, बोलण्याच्या ओघात, कुठेतरी सांगून टाकली जाते. ऐकणाऱ्याने लक्ष दिले तर दिले. कोणत्याही तालुक्याच्या गावी सायंकाळी फिरायला निघालेल्या दोन निवृत्त शिक्षकांची कल्पना करावी. ‘काय सर, सध्या काय वाचन?’ असे एकाने नेहमीप्रमाणे विचारले. ‘हल्ली वाचत नाही हो, ऐकतो. नातवाने फोनवर लावून दिले आहे,’ असे दुसरा म्हणाला आणि बोलणे निवृत्तिवेतनाच्या थकबाकीकडे वळले. चार दिवसांनी पहिल्याने बाजारात रस्त्यापलीकडून हात केला, तेव्हा मित्राने ओळख दाखवली नाही. हाक मारल्यावर मात्र तो लगेच हसला. त्या सायंकाळी आपल्याला काय सांगितले गेले होते, हे तेव्हा कुठे पहिल्याच्या ध्यानी आले.

दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा विकार उतारवयात असाच येतो. दृष्टीच्या कडा शाबूत राहतात, म्हणून माणूस रस्त्याने चालतो, जिना चढतो, घरातल्यांनाही पुष्कळ दिवस काही जाणवत नाही. नाहीसा होतो तो नेमका मधला भाग, म्हणजे समोरच्याचा चेहरा आणि छापील ओळ. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो. या विकारात, किंवा काचबिंदूत, गेलेली दृष्टी बहुधा परत मिळत नाही. सत्तरीच्या माणसाने आता ब्रेल शिकावी, असे सुचवणे सोपे आहे. पण जी बोटे सारा जन्म खडू आणि लेखणी धरण्यात गेली, त्यांना उठावाचे ठिपके सहजी उमगत नाहीत. अशांना कानाचाच आधार उरतो.

ऐकणे हे वाचनाहून उणे, असा एक समज सुशिक्षितांत आहे. तो येथे रुजावा हे नवलच म्हणायचे. चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि साऱ्या आळीने ऐकावी, हीच या प्रदेशातील ग्रंथप्रसाराची जुनी रीत होती. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला आहे. आकाशवाणीवरील अभिवाचन ऐकण्यासाठी हातातील काम बाजूला ठेवणारी पिढी अजून हयात आहे. त्या श्रोत्यांनी पुस्तक ‘खरे’ वाचले नाही, असे कोणी म्हटल्याचे स्मरत नाही.

पाश्चात्त्य देशांत तर श्राव्य पुस्तकाचा जन्मच अंधांसाठी झाला. थॉमस एडिसनने 1877 मध्ये ध्वनिलेखन यंत्र तयार केले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची एक यादी प्रसिद्ध केली. तीत पत्रलेखनाच्या खालोखाल अंधांसाठी बोलक्या पुस्तकांचा उल्लेख होता. ते प्रत्यक्षात यायला मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लागला. पहिल्या महायुद्धात डोळे गमावून परतलेले ब्रिटिश सैनिक ऐन तारुण्यात होते आणि ब्रेल त्यांतील अनेकांना जमत नव्हती. त्यांच्यापैकीच एक, 1916 साली सोमच्या रणांगणावर दृष्टी गेलेले इयन फ्रेझर, यांनी हा विषय लावून धरला आणि 1935 च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय सुरू झाले. अगाथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकथा पहिल्या पुस्तकांत होती. तबकडीची एक बाजू सुमारे पंचवीस मिनिटे चाले आणि एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागत. दीर्घ काळ वाजणारी तबकडी गाण्याच्या बाजारात 1948 मध्ये आली. अंध वाचकांच्या घरी ती त्यापूर्वीच पोहोचली होती!

भारतातही नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांनी स्वयंसेवी वाचकांकडून फितींवर पुस्तके मुद्रित करून घेतली. कायद्याची अडचण होती, तीही आता राहिलेली नाही. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचे सुलभ रूप तयार करण्याची मोकळीक दिली. पुढच्या वर्षी माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला 2014 च्या जूनमध्ये सर्वांत आधी अनुसमर्थन देणारा देश भारत होता, ही गोष्ट येथील वाचकांपैकी किती जणांना ठाऊक असेल? या कराराचा लाभ केवळ अंधांपुरता नाही. हात थरथरत असल्यामुळे ज्याला पुस्तक धरवत नाही, तोही त्यात येतो. 2016 मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे अशा वाचकांसाठीचे संगणकीय ग्रंथालयही सुरू झाले.

एवढे सारे दिल्लीत आणि माराकेशमध्ये झाले, तरी आळीतल्या ग्रंथालयाच्या खिडकीपर्यंत ते का पोहोचू नये? महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली हजारो ग्रंथालयांना अनुदान मिळते, अ, ब, क, ड अशा श्रेणी मिळतात, आणि श्रेणी ठरविताना कपाटांतील ग्रंथ मोजले जातात. कार्यवाहांना विचारावे, तर ते सांगतात की अशा पुस्तकांना मागणीच नाही. ते खोटे बोलत नाहीत. पण मागणी करायची ती कोणी? ज्याने आपली दृष्टी गेल्याची बातमी जिवलग मित्रालाही अर्ध्या वाक्यात सांगितली, तो ग्रंथपालासमोर उभा राहून अर्ज भरून देईल, ही अपेक्षाच विपरीत आहे. वर्गणीदाराने पुस्तके नेणे थांबवले की त्याची आवड सरली असावी, असे गृहीत धरले जाते. त्याच्या घरी एकदा माणूस पाठवला तर निराळेच काही कळेल.

खर्चाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. सुगम्य पुस्तकालयाच्या सभासदत्वासाठी वृद्धाला साहाय्य करणारा कर्मचारी, बोटांना सापडतील अशी मोठी बटणे असलेली दोन-चार यंत्रे आणि आठवड्यातून तासभर ती चालवायला शिकविणारा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. लेखक-प्रकाशकांच्या उत्पन्नाची काळजी रास्त आहे; पण ही मोकळीक अपंग वाचकांपुरतीच आहे. लोकलच्या गर्दीत कानाला यंत्र लावून कादंबरी ऐकणारा कारकून, स्वयंपाक करता करता आत्मचरित्र ऐकणारी गृहिणी यांना व्यापारी कंपन्यांची पुस्तके मोल देऊन मिळतात आणि मिळत राहतील. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये अशा डोळस वाचकांनाही श्राव्य पुस्तके विनामूल्य देतात. बहुतेक वेळा परवाना एका प्रतीस एका वाचकाचा असल्यामुळे तेथे नव्या पुस्तकासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. तो टप्पा येथे यायचा तेव्हा येवो.

फिरायला जाणारे ते दुसरे शिक्षक अजून ग्रंथालयाचे सभासद आहेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते स्वतः चालत जाऊन वर्गणी भरतात, पावती खिशात ठेवतात आणि दोन मिनिटे कपाटांजवळ उभे राहून परततात. न नेलेल्या पुस्तकाचा रकाना ग्रंथपालाच्या नोंदवहीत नाही.