अभयारण्यात अभय कोणाला?

कालाहारीच्या वाळवंटात १९६१ साली, ब्रिटिश अमदानीत, सुमारे ५२ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य राखण्यात आले. वन्य प्राण्यांबरोबर तेथील सान आदिवासींनाही शिकार व कंदमुळांवर जगता यावे, हा त्यामागील एक हेतू होता. पुढे स्वतंत्र बोट्स्वानाच्या शासनाने १९९७ व २००२ मध्ये याच सानांना बाहेर काढले, त्यांची कूपनलिका बंद केली. कारण दिले वन्यजीव रक्षणाचे! त्याच अभयारण्यात पर्यटकांसाठी पोहण्याच्या तलावासह निवासस्थान उभे राहिले. हिऱ्यांच्या खाणीलाही मुभा मिळाली. डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ही हकालपट्टी बेकायदा ठरवली. तरीही पाण्याच्या हक्कासाठी सानांना २०११ पर्यंत झगडावे लागले.

हे दूरचे दुखणे मानणाऱ्यांनी सोलापूरकडे पाहावे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य घोषित झाले. नकाशावरील रेघेच्या आत गावे, शेते, बाजारपेठा, सारेच आले. (आम्ही शीव कोळीवाड्याचे रहिवासी. शीव म्हणजे हद्द. ती आखणारा हात कोणाचा असतो, हे आम्हांस शिकवावे लागत नाही.) शेतकऱ्याच्या जमीनव्यवहारांवर बंधने आली. कुंपणाआडचा माळ धनगराच्या मेंढरांना वर्ज्य झाला. परंतु १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यावर फोफावलेल्या उसाला कोणी अडवले? माळढोकाला हवे मोकळे गवताळ रान. वनखात्याने त्यातही झाडे लावली, कारण वसाहतकालीन महसुली बुद्धीला माळ म्हणजे 'पडीक' जमीनच दिसते. ज्या माळावर मेंढरे आणि माळढोक पिढ्यानपिढ्या एकत्र नांदले, तेथे गुन्हेगार ठरला तो मेंढपाळ! अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते.

'पक्षी हवा की माणूस?' हा साखरसम्राटांना सोयीचा प्रश्न आपल्याही काही साथींनी उचलून धरला, हे कबूल केले पाहिजे. कालाहारीचा निकाल लागला त्याच महिन्यात आपल्या संसदेने वनहक्क कायदा संमत केला. त्यात चराईचा व भटक्या पशुपालकांचा हक्क नमूद आहे आणि अभयारण्यातील वनजमिनीलाही तो लागू आहे. आदिवासी नसलेल्यांना पंचाहत्तर वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. ही अट धनगराला जाचक आहे. म्हणूनच करमाळा, मोहोळ, उत्तर सोलापूरच्या कार्यकर्त्यांनी मेंढपाळ गावी असतात त्या पावसाळ्यातच वृद्धांच्या जबान्या लिहून घ्याव्यात, जुनी महसुली दप्तरे धुंडाळावीत आणि सामूहिक दावे ग्रामसभांपुढे मांडावेत.