टोरेसचे खापर ‘लाडक्या बहिणीं’वर नको

मा. संपादक,


सरकारी योजनांनी आयत्या पैशाची चटक लावली, म्हणून लोक टोरेस या चढ्या परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या दागिन्यांच्या कंपनीच्या जाळ्यात सापडले, हे आपल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन तारखांपुढेच टिकत नाही. टोरेसचा कारभार फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे पहिले हप्ते ऑगस्टमध्ये जमा झाले. महिना दीड हजारांचा हा हप्ता, तोही वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या कुटुंबातील स्त्रीला. टोरेसमध्ये बुडाली ती लोकांची वर्षानुवर्षांची बचत, काहींचे तर कर्जाऊ पैसे. मुंबईतल्या दादरच्या भाजीविक्रेत्यांनी कष्टाने साठवलेल्या रकमेला आयता पैसा म्हणणे अन्यायाचे आहे.

लोभ नव्हताच असे कोण म्हणेल? पण मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्यांवर आठवड्याला सहा टक्के, म्हणजे वर्षाला तीनशे टक्क्यांहून अधिक परतावा दादरसारख्या गजबजलेल्या ठिकाणी दालन थाटून उघडपणे जाहीर होत होता. अशा ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा, ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा १९९९ चा. तरी गुन्हा नोंदला गेला तो जानेवारी २०२५ मध्ये, परतावे थांबून दालनापुढे गर्दी उसळल्यावर. लेखकाने या दिरंगाईवर एक ओळही खर्च केलेली नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थींची पडताळणी ढिली होती, हा त्यांचा आक्षेप रास्त. त्यावर स्वतंत्र लिहावे. फसवणुकीचे कारण म्हणून तो पुढे करणे म्हणजे देखरेख करणाऱ्यांना मोकळे सोडणे. जप्त मालमत्तेतून ठेवीदारांना किती आणि कधी मिळणार, हे आपण सरकारला विचारावे.

– एक वाचक, लालबाग