इदाल्गो पाद्र्याचा गांव

मागील अंकीं आम्हीं मेक्सिकोंतील केरेतारो शहराचें वर्णन केलें, तेथील ७४ कमानींवरून गेलेल्या जुन्या पाटाची हकीकत सांगितली, आणि लेख पुरा केला. त्यावर एका वाचक भगिनींनीं पत्र लिहून पृच्छा केली आहे कीं, "आपण एवढा दूरचा प्रवास केला तो केवळ कमानी मोजण्याकरितां काय?" प्रश्न रास्त आहे, आणि खरें सांगावयाचें तर त्याचें उत्तर आम्हीं मुद्दामच टाळलें होतें. आज तें देतों. कारण त्यावांचून या अंकांतील गांवाची हकीकत नीट सांगतां येणार नाहीं.

आमची धाकटी कन्या यंत्रशास्त्राची पदवीधर. ती पतीसह गेलीं सात वर्षें केरेतारोस असते. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यांत उभयतांस चांगल्या जागा होत्या. गेल्या वर्षीं तिनें आपली जागा सोडली, आणि डोलोरेस इदाल्गो नांवाच्या गांवीं एका भट्टीवर कुंभारकाम शिकावयास जाऊं लागली. हें वर्तमान तिनें कळविलें नाहीं; दूरध्वनीवर बोलतां बोलतां जांवईबापूंच्या तोंडून निसटलें. आमच्या घराण्यांत चार पिढ्या मास्तर, वकील आणि कारकून निपजले. मातींत हात घालणारा कोणी झाला नाहीं. तेव्हां तिची समजूत घालावी याच हेतूनें आम्ही सहकुटुंब गेलों होतों. सामानांत मेतकूट, पापड व लोणचें होतें, आणि मनांत एक भाषण तयार होतें.

पहिल्याच रात्रीं जेवणें झाल्यावर भाषणास आरंभ केला. दोन वाक्यें होतात न होतात तोंच ती म्हणाली, "बाबा, तुमचें सगळें ऐकेन. पण आधीं एक दिवस माझ्याबरोबर डोलोरेसला चला. आई, तूंहि चल." तिच्या आईनें लागलीच होकार दिला. सभा बरखास्त झाली.

दुसऱ्या दिवशीं पहांटे निघालों. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. आमच्या कुटुंबाच्या मतें परमुलुखांत निघतांना पंचांगापेक्षां दशमीचा भरंवसा अधिक. वाटेंत सान मिगेल दे आयेंदे येथें गाडी बदलली. हें नगर फार देखणें आहे, २००८ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत घेतलें आहे, आणि तेथें अमेरिकन पेन्शनर मंडळींची एवढी गर्दी आहे कीं आम्हीं त्याचें वर्णन न केल्यानें कोणाचें अडणार नाहीं. येथून डोलोरेस सुमारें ४० किलोमीटर. प्रदेश समुद्रसपाटीहून सहा हजार फुटांपेक्षांहि उंच, कोरडा व वाऱ्याचा. रस्त्याच्या दोहों बाजूंस बाभळीच्या जातीचीं खुरटीं झाडें आणि निवडुंग. आपण माणदेशांतच हिंडत आहों असा भास व्हावा. आपल्याकडे कुंपणाकुंपणांवर माजलेला फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडांतलाच. आपल्याकडे तो परका, येथें तो घरचा. येथील लोक त्याचे कांटे काढून त्याची भाजी करतात. ती चवीला कांहींशी घेवड्यासारखी आणि स्पर्शास भेंडीसारखी बुळबुळीत असते. आम्हीं ती पुढें खाल्ली. दुसऱ्यांदां वाढून मात्र घेतली नाहीं.

डोलोरेस हा स्पॅनिश अमदानींतला गांव. विस्तारानें आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढा. मध्यें चौक, झाडांच्या सावलींत बांकें, इदाल्गोचा पुतळा, आणि समोर गुलाबी दगडाचें मोठें देऊळ. (त्यांचें देवालय तेंहि देऊळच, दुसरा शब्द आम्हांस सुचत नाहीं.) त्याचें बांधकाम १७१२ त सुरू होऊन १७७८ त संपलें. दर्शनी भिंतीवर इतकें कोरीव काम आहे कीं बोट टेकावयास मोकळी जागा नाहीं. आंत समोरासमोर दोन भव्य वेद्या आहेत. एक सोन्याच्या मुलाम्यानें झळाळणारी. दुसरी तेवढीच कोरीव, पण मुलामा न चढवितां उघड्या लाकडाचीच राहिलेली. आमच्या कुटुंबास सोन्याची आवडली. आम्हांस लाकडाची आवडली, कारण तींत पटाशीची खूण दिसते.

याच देवळाच्या पायऱ्यांवर १६ सप्टेंबर १८१० रोजीं, रविवारीं पहांटे, या गांवचा पाद्री मिगेल इदाल्गो यानें घंटा वाजवून लोक जमविले आणि स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठावणीची हांक दिली. वास्तविक बेत निराळा होता. परंतु केरेतारोंतील कटाची बातमी फुटली. तेथील अधिकाऱ्याची पत्नी दोन्या होसेफा ऑर्तिस ही स्वतः कटांत सामील होती. पतीनें तिला घरांत कोंडून ठेवलें असतां तिनें टांच आपटून खालच्या माणसास खूण केली व निरोप रवाना केला. घोडेस्वार रातोरात दौडत आला, आणि इदाल्गोनें उजाडण्याची वाट पाहिली नाहीं. त्या पहांटेची ती घंटा आतां येथें नाहीं. १८९६ सालीं ती राजधानींत नेण्यांत आली. दर वर्षीं १५ सप्टेंबरच्या रात्रीं राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जांतून ती वाजवितात. डोलोरेसच्या मनोऱ्यांत तिची प्रतिकृति आहे. गांवाच्या पूर्ण नांवांत 'राष्ट्रीय स्वातंत्र्याचा पाळणा' असे शब्द आहेत. पाळणा येथें राहिला आणि मूल राजधानींत गेलें, असें आमचें कुटुंब म्हणालें.

हा इतिहास कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत सांपडेल. धाकटीला दाखवावयाचें होतें तें निराळेंच. ती आम्हांस जवळच्याच एका बैठ्या घरांत घेऊन गेली. हें इदाल्गोचें राहतें घर. आतां तेथें संग्रहालय आहे. आंत चौक, भोंवतीं दालनें, जाड भिंती, पायाखालीं गार फरशी. दुपारच्या झोंपेस याहून चांगलें घर नाहीं. परंतु या घराचा धनी झोंपणाऱ्यांपैकीं नव्हता.

इदाल्गोचा जन्म १७५३ चा. वायादोलिद, म्हणजे हल्लींचें मोरेलिया, येथील सान निकोलास विद्यालयांत तो शिकला, तेथेंच शिकवूं लागला व मुख्य झाला. फ्रेंच ग्रंथ वाची, मोलिएरचीं नाटकें करवी. विद्यार्थी त्यास 'कोल्हा' म्हणत. १८०० सालीं धर्मन्यायासनानें त्याची चौकशी केली. असा हा विद्वान मनुष्य १८०३ त या आडगांवीं पाद्री म्हणून आला, आणि पूजाअर्चेचें बरेचसें काम मदतनिसावर सोंपवून त्यानें काय आरंभिलें? कुंभारभट्टी घातली. कातडीं कमावण्याचा कारखाना काढला. तुतीचीं झाडें लावून रेशमाचे किडे पोसले, मधमाशा पाळल्या, द्राक्षवेल आणि जैतून लावले. गांवच्या मूळ रहिवाशांची ओतोमी भाषा त्यास येत असे. त्यांना जवळ बसवून हे धंदे त्यानें शिकविले. स्पेनच्या व्यापाऱ्यांचें हित बिघडूं नये म्हणून वसाहतींत द्राक्षें व जैतून लावण्यावर निर्बंध होते, हें सांगितलें म्हणजे आमच्या वाचकांस अधिक फोड करून सांगण्याची जरूरी राहत नाहीं.

कातड्याच्या कारखान्यापाशीं आम्ही अडलों. आमच्या आजोबांनीं पैसा फंडास न चुकतां पैसा दिला होता. १९०८ सालीं तळेगांवास त्या फंडाचा कांचकारखाना निघाला, त्याचा अभिमान आमच्या घरांत अजून सांगतात. परंतु आजोबांपैकीं, वडिलांपैकीं किंवा आम्हांपैकीं कोणी त्या भट्टीपाशीं उभें राहिल्याचें ऐकिवांत नाहीं. आम्ही पैसा दिला. हात दिला नाहीं. हें आम्ही मोठ्यानें बोललों नाहीं, तरी धाकटी आमच्याकडेच पाहत होती.

या माणसाचा शेवट चांगला झाला नाहीं, आणि त्याची सारी करणी आम्हांस मान्य आहे असेंहि नव्हे. उठावणीनंतर बाराव्या दिवशीं, २८ सप्टेंबरला, ग्वानाह्वातो शहरीं धान्याच्या सरकारी कोठारांत आश्रयास गेलेल्या लोकांची त्याच्या जमावानें कत्तल केली, शहर लुटलें, आणि त्यास जमाव आवरला नाहीं. सात वर्षें ज्यांना चाक फिरवावयास शिकविलें त्यांतलेहि कांहीं त्या जमावांत असतील. पुढें जानेवारी १८११ मध्यें काल्देरोनच्या पुलापाशीं त्याचा पराभव झाला, मार्चांत तो पकडला गेला, आणि ३० जुलै रोजीं चिवावा येथें त्यास गोळ्या घातल्या. त्याचें व इतर तिघां पुढाऱ्यांचीं शिरें ग्वानाह्वातोच्या त्याच कोठाराच्या चार कोपऱ्यांस टांगण्यांत आलीं. तीं १८२१ पर्यंत तेथें होतीं. धाकटीनें आणखी एक गोष्ट सांगितली. मृत्यूपूर्वीं त्याचें पाद्रीपद विधिपूर्वक काढून घेतलें. दीक्षा देतांना पाद्र्याच्या हातांस पवित्र तेल लावितात. तें पावित्र्य परत घ्यावयाचें म्हणून त्याच्या तळहातांची आणि बोटांच्या टोकांची कातडी खरवडली. एवढें मराठींत सांगून ती पुढच्या दालनांत गेली. आमची दृष्टि तिच्या हातांकडे गेली. नखें बारीक कापलेलीं, बोटांच्या पेरांशीं भेगा, आणि भेगांत माती.

बाहेर चौकांत आइस्क्रीमच्या गाड्या उभ्या होत्या. या बाबतींत डोलोरेसचा लौकिक फार चमत्कारिक आहे. पेरू, गुलाब, मका हे प्रकार ठीक. पण तेथें कोळंबीचें, बिअरचें आणि डुकराच्या तळलेल्या कातड्याचेंहि आइस्क्रीम मिळतें. विक्रेता चवीसाठीं चमचा पुढें करतो व कशाचा आहे तें मागाहून सांगतो. आमचें कुटुंब पहिलाच चमचा तोंडाशीं नेत असतां धाकटी "आई, थांब!" म्हणून ओरडली. नंतर मायलेकींनीं मक्याचें आइस्क्रीम घेतलें, आम्हीं आव्होकादोचें. मका या देशांत अन्नहि आहे आणि दैवतहि होतें. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांनीं १९२० नंतरच्या दशकांत चापिंगोच्या कृषिविद्यालयांत अध्यापन करून याच मक्यावर संशोधन केलें, याची आम्हांस त्या गोड घांसाबरोबर आठवण झाली.

भट्टी गांवाच्या कडेला आहे. गांवांतले कुंभार आपली परंपरा थेट त्या पाद्र्यापर्यंत नेतात. येथील भांड्यांस सर्व जण तालावेरा म्हणतात. तें नांव स्पेनमधील तालावेरा नगरावरून आलें, आणि मेक्सिकोंत त्याचा कायदेशीर मान पुएब्लाकडील कुंभारांचा आहे. डोलोरेसकर त्याची फारशी पर्वा करीत नाहींत. भांडें घडवून, वाळवून प्रथम एकदां भाजतात. मग पांढऱ्या झिलईच्या पाण्यांत बुडवितात, आणि ती झिलई सुकली म्हणजे तिच्यावर कुंचल्यानें रंगवितात. कोरडी झिलई रंग तत्काळ पिऊन टाकते, म्हणून एकदां ओढलेली रेघ पुसतां येत नाहीं. कोबाल्टचा रंग त्या वेळीं काळपट दिसतो. दुसऱ्यांदां भट्टींतून निघाल्यावर निळा होतो. म्हणजे रंगविणाऱ्यास आपण काय रंगविलें तें दुसऱ्या दिवशीं दिसतें.

भट्टीचे म्हातारे धनी आम्हांस पाहून उठले, हात पुसले, तरी मातीचे आहेत म्हणून पुढें केले नाहींत. आम्हीं नमस्कार केला. त्यांस तो फार पसंत पडला. त्यांनीं धाकटीकडे बोट करून कांहीं सांगितलें. ती भाषांतर करीना. अखेर जांवईबापूंनीं केलें: "हिनें पहिले चार महिने माती मळण्याखेरीज दुसरें कांहीं केलें नाहीं. मला वाटलें होतें, पंधरवड्यांत जाईल." आणखी असें कळलें कीं, भट्टींतील उष्णता सर्वत्र सारखी नसल्यानें एका बाजूचीं भांडीं तडकत. धाकटीनें तीन महिने वहींत आंकडे टिपले, गॅसच्या तोट्यांची जागा बदलली, आणि तडकणें निम्म्याहून कमी झालें. शिशाची झिलई घातक म्हणून ती बंद करण्याचा हट्टहि तिचाच. 'तुझें शिक्षण वायां गेलें' हा आमच्या भाषणांतला सर्वांत जोरदार मुद्दा येथें निकामी झाला.

दुसरा मुद्दा शिल्लक होता. "मिळतें किती?" आम्हीं विचारलें. तिनें सांगितलें. आंकडा पूर्वीच्या पगाराच्या चतुर्थांशाहि नव्हता. आम्ही गप्प राहिलों. तो आंकडा आम्हांस तेव्हां पटला नाहीं व आजहि पटत नाहीं. तिची आई मात्र एव्हांना चाकापाशीं बसली होती, आणि म्हातारबुवा तिला दोन्ही अंगठे कसे धरावे तें दाखवीत होते. तिनें केलेली वाटी एका कडेनें बसली. बुवांनीं ती मोडूं दिली नाहीं. इतर भांड्यांबरोबर फळीवर वाळत ठेविली.

परत येतांना सान मिगेलपर्यंत सूर्य होता, पुढें अंधार झाला. दशम्या उरल्या होत्या त्या खाल्ल्या. भाषणाचा विषय कोणी काढला नाहीं. आम्हीं सरळ विचारलें, "पांच वर्षांनीं काय करशील?" ती म्हणाली, "बाबा, मला ठाऊक नाहीं." हें उत्तर तिनें लहानपणीं कधींच दिलें नव्हतें; तेव्हां तिला सर्वच ठाऊक असे.

आमच्या परतीस अजून नऊ दिवस होते. एका दिवसाआड ती पुन्हां डोलोरेसला जावयास निघाली, तों तिचा डबा तिच्या आईनें आधींच भरून ठेविला होता. बाहेर थंडी होती. आम्ही उपरणें घेतलें आणि गाडीच्या थांब्यापर्यंत तिच्याबरोबर गेलों.